तलावातला मासा, ओढ्यातला मासा

पाणीपुरवठा खात्याच्या कर्मचारी संघाला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघायची होती. तिच्यात ‘तलावाचा मित्र’ या मथळ्याखाली आमच्या ह्यांच्यावर दोन पानं, सोबत गळाची काठी हातात धरलेला फोटो. पानं मी लिहायची. संघाचा चिटणीस ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. घरी येऊन सोफ्याच्या कडेवर बसला आणि म्हणाला, “काकू, काका पकडलेले मासे परत पाण्यात सोडायचे, ते मात्र जरूर येऊ द्या. लोकांना फार भावतं ते.”

मलाही फार भावलं होतं. अकरा वर्षं भावलं. आता त्याच गोष्टीने माझं डोकं फिरतं.

ती पानं स्मरणिकेत आली नाहीत. म्हणून इथे लिहिते.

आमचे हे खात्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. ठिकठिकाणचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, तपासायचं, आकडे मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवायचे. चौतीस वर्षं हेच काम. बोलणं इतकं कमी की माझी आई म्हणायची, “जावईबापू आहेत की गेले, एकदा बघून ये गं.” पण रविवारी हा माणूस निराळा असायचा. पहाटे उठून कणकेच्या बारीक गोळ्या वळायचे, गांडुळांचा डबा ओल्या मातीने भरायचे, आणि मला हाक मारायचे, “चला, मासे वाट बघतायत.” मूलबाळ व्हायच्या आधीपासून आम्ही दोघं जायचो. मुलगी झाल्यावर तिला माझ्या बहिणीकडे ठेवून जायचो. लोक हसायचे. नवराबायको सिनेमाला जातात, हे गळ टाकायला जातात.

आमच्या जागा दोन. डोंगरातला ओढा, जिथे गुडघाभर पाण्यात दगडावर उभं राहून गळ टाकायचा, आणि खालचा मोठा तलाव, जिथे होडी लागायची. शहराचं पिण्याचं पाणी वरच्या धरणातून येतं. तलावाचं पाणी बागांना आणि कारखान्यांना. त्याच्या एका अंगाला बॅटऱ्यांचा कारखाना होता. आता बंद आहे. ओढा त्याच्या पुष्कळ वर, डोंगरात.

तलावावर आमची होडी ठरलेली. होडीवाल्यांना आम्ही दादा म्हणायचो, त्यांच्या बायकोला वहिनी. ते ह्यांना भाऊ म्हणायचे आणि मला ताई. काठालाच त्यांचं दोन खोल्यांचं घर. सकाळभर गळ टाकायचा, दुपारी त्यांच्या ओसरीवर जेवायचं. मासे आमचे, चूल वहिनींची. दादा वल्हं मारताना सतत बडबडत, आणि ह्यांच्या गळाला काही लागलं नाही की म्हणत, “भाऊ, मासे तुम्हाला ओळखायला लागले. पुढच्या वेळी टोपी बदलून या.” हे हसायचे. ह्यांना हसवणारी माणसं मी मोजकीच पाहिली.

मी रोजनिशी लिहिते. मिशनच्या शाळेत सिस्टरनी लावलेली सवय, अजून सुटलेली नाही. सहलीचीही नोंद असायची. कुठे गेलो, वारा कसा, किती मासे, त्यांचं काय केलं. एका ओळीत सगळं.

एका वर्षी मार्च महिन्यात दोन गोष्टी सुरू झाल्या. एक म्हणजे, महिन्यातून एकदा तलावातला एक मासा हे वर्तमानपत्रात गुंडाळून सोमवारी कचेरीत न्यायला लागले. विचारलं तर म्हणाले, “साहेबांना पाहिजे.” मी टोमणे मारून मारून त्यांना नको नको करून सोडलं. “लोणी कमी पडलं की काय? आता मासेही लावा साहेबांना.” ते बुटाची नाडी बांधत राहायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे, तलावातले बाकीचे मासे हे परत सोडायला लागले. पहिल्या दिवशी मी चकित झाले. चांगले पाच मासे, एकेक हातभर. गळ अलगद सोडवून, ओंजळीत धरून, एकेक पाण्यात. मला वाटलं, वय झालं, मन हळवं झालं. मी कौतुकाने सगळ्यांना सांगत सुटले. शेजारणीला, बहिणीला, पुढे मुलीच्या सासरीही. “आमच्या ह्यांना आता जीव घेववत नाही.” केवढी मिरवले मी!

त्याच सुमाराला ह्यांनी वहिनींकडे जेवणं बंद केलं. कधी पोट बरं नाही, कधी लवकर जायचंय. आम्ही घरून डबा न्यायला लागलो आणि होडीतच खायला लागलो. पाच-सहा रविवार गेल्यावर वहिनींनी मला एकटीला गाठून विचारलं, “ताई, आमच्या घरचं आता चालत नाही का भाऊंना?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीतरी थाप मारली, डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय म्हणून. पुढच्या रविवारी वहिनींनी पथ्याचं वेगळं शिजवून ठेवलं. तेही ह्यांनी खाल्लं नाही.

आणि एकदा तर भांडणच झालं. त्या दिवशी माझ्या गळाला मोठा मासा लागला. वर काढताना दोरी तुटते की काय असं वाटत होतं. दादांनी जाळी घातली तेव्हा आत आला. काठावरून वहिनी ओरडल्या, “ताई, तो सोडू नका हो! आज पाहुणे आलेत माझ्याकडे.”

“घ्या की!” मी म्हणाले.

ह्यांनी माझ्या हातातून मासा ओढून घेतला आणि पाण्यात फेकला. ओंजळ नाही, काही नाही. फेकला.

“अहो, वहिनींनी मागितला होता!”

“त्यांच्याकडे आहेत मासे.”

“मग हा दिला असता तर काय बिघडलं असतं? माझा मासा होता तो.”

“चला दादा, होडी काठाला घ्या,” एवढंच बोलले. दादांनी होडी काठाकडे वळवली. परतीच्या बसमध्ये मी ह्यांना खूप बोलले. दया माशांवर आहे, माणसांवर नाही, असंही म्हणाले. त्यांनी खिडकीबाहेर बघत सगळं ऐकून घेतलं. तेव्हा मला ते निबर वाटले. आज वाटतं, एवढं ऐकून घेणारा माणूस दोन शब्द बोलू शकला नसता का?

ह्यांच्या निवृत्तीनंतरच्या वर्षी दादांच्या हातातून वल्हं निसटलं. एकदा नाही, तीनदा. मनगट खाली लोंबायला लागलं होतं, वर उचलेना. “झोपेत हात अवघडला असेल,” दादा म्हणाले. हे उठले, दादांना माझ्या शेजारी बसवलं आणि काठापर्यंत स्वतः वल्हवत आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी समजले, दमले. तो आमचा तलावावरचा शेवटचा रविवार. त्यानंतर आम्ही फक्त ओढ्यावर जायचो, आणि पुढच्या वर्षी हे गेले.

दादांचे दोन्ही हात हळूहळू गेले. होडी विकली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, शरीरात शिसं साठलंय, कुठून आलं ते शोधा. दादा जन्मभर त्या तलावातले मासे खात आलेले. वहिनींनी दादांच्या नावाने खात्याकडे अर्ज केला. खात्याचं उत्तर आलं की, तलावाचे सगळे अहवाल स्वच्छ आहेत. अर्जदाराला दारूचं व्यसन असावं, त्यानेही हात असे होतात. दादांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. पण सरकारी कागदावर आलं म्हटल्यावर गल्लीतली पोरंसोरंही त्यांना बेवडा म्हणायला लागली. तो कागद वहिनींनी मला दाखवला तेव्हा मी म्हणाले, “हे असते तर त्यांनी मदत केली असती हो.”

असं म्हणाले मी. त्यांच्याच घरात बसून.

स्मरणिकेसाठी मला पहिला मासा सोडल्याची तारीख हवी होती, आणि एकूण किती सोडले तो आकडा. म्हणून जेवणाच्या टेबलावर अकरा वर्षांच्या रोजनिशा मांडून बसले. रविवार ९ मार्च, तलाव, पाच, सोडले. रविवार १६ मार्च, ओढा, तीन, तळले. रविवार २३ मार्च, तलाव, चार, तीन सोडले, एक साहेबांना. ३० मार्च, ओढा, दोन, तळले.

माझंच अक्षर, माझ्याच ओळी. आणि अकरा वर्षांत मला दिसलं नव्हतं. ओढ्यावरचा एकही मासा ह्यांनी कधी सोडला नव्हता. तलावातला एकही आमच्या घरी शिजला नव्हता. ही कसली दया, जी डोंगर चढला की संपते?

उठले आणि माळ्यावरून त्यांची मासेमारीची पिशवी काढली. गळांच्या डबीखाली त्यांची छोटी वही असायची, मला माहीत होती. मी समजायचे, माशांची वजनं लिहितात. वजनं नव्हती. पहिली नोंद ७ मार्च, तलावाचा गाळ. त्याखाली मासेच मासे. तारीख, माशाची लांबी, पुढे ‘शिसे’ आणि आकडा. पहिल्या पानाच्या डोक्यावर ‘मर्यादा’ लिहून तिचा आकडा चौकटीत. त्याखालचा जवळजवळ प्रत्येक आकडा मर्यादेच्या वर, लाल शाईत. माशांच्या तारखा मी ताडून पाहिल्या. साहेबांना मासा नेल्याचे सोमवार. मासा साहेबांच्या पोटात नाही, तपासणीच्या काचेत जात होता. पहिल्या वर्षाच्या शेवटी एकच वाक्य होतं: ‘साहेब म्हणाले, तलावाचं पाणी कोणी पीत नाही, आणि मासे तपासणं आपल्या कामात येत नाही. आकडे मला परत केले.’

परत केले. आणि मग हे निवृत्तीपर्यंत स्वतःच्या वहीत लिहीत राहिले, अगदी नेटक्या अक्षरात.

चिटणीस पानं न्यायला आला तेव्हा मी वही त्याच्यासमोर ठेवली. त्याने चार पानं चाळली आणि दाराकडे पाहिलं. “काकू, कशाला उकरून काढताय? काका देवमाणूस होते.”

“देवमाणसाला तोंड नव्हतं का?”

“साहेबांच्या विरोधात गेले असते तर नोकरी गेली असती हो त्यांची.”

“गेली असती. मुलगी कॉलेजात होती, घर नवं होतं, सगळं मला ठाऊक आहे. मी कुठे म्हणतेय की पेपरात द्यायला हवं होतं? होडीत बोलायचं होतं. होडीत कोण होतं ऐकायला? मी आणि दादा. ‘दादा, हे मासे खाऊ नका.’ संपलं. याला कुठल्या साहेबाची परवानगी लागते?”

“मग निदान स्मरणिका निघेपर्यंत तरी थांबा. काकांचा फोटो छापायला गेलाय.”

“परत मागव,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन दादांकडे गेले. वहिनी त्यांना भरवत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कारण बसले असते तर बोलवलं नसतं. दादा ऐकून म्हणाले, “भाऊंची काही मजबुरी असेल.” वहिनींनी घास ताटात ठेवला.

“म्हणून जेवत नव्हते ते आमच्याकडे?”

“हो.”

“आणि मी मेली दर रविवारी त्यांचं ताट पुसून तयार ठेवत होते.” मग म्हणाल्या, “आमच्या पोरांनीही तेच खाल्लं, ताई.” त्यांनी मला बसा म्हटलं नाही आणि पाणीही विचारलं नाही. बरोबर केलं.

वहिनींनी वही जोडून पुन्हा अर्ज केला, त्याची सुनावणी जिल्ह्याच्या कचेरीत झाली. चौकशी अधिकारी चष्मा कपाळावर चढवून वही वाचत होते, शेजारी माझ्या अकरा रोजनिशा. खात्याच्या वकिलाने हरकत घेतली, खासगी वही आहे, कोणीही काहीही लिहील. मी म्हणाले, “माझा नवरा काहीही लिहिणारा नव्हता. बोलणाराही नव्हता, हेच तर दुखणं आहे. तारखा माझ्या रोजनिशीशी जुळतात का, तेवढं तपासा. आम्ही दोघांनी एकमेकांना न विचारता लिहिलंय.” त्यांनी दहा-बारा ठिकाणी तपासलं. सगळीकडे जुळलं. मग दादांच्या अर्जाची फाईल ओढली आणि खात्याच्या उत्तरातली दारूची ओळ लाल पेनाने खोडून बाजूला सही केली. तलावातली मासेमारी उद्यापासून बंद आणि मासे नव्याने तपासायचे, असं त्यांनी लेखनिकाला सांगितलं.

दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात वर होईना, वहिनींनी पदराने पुसलं.

“आता हे कोणाकोणाला माहीत होतं, त्यांची नावं लागतील,” अधिकारी म्हणाले.

मी मोठ्या साहेबांचं नाव दिलं. मग म्हणाले, “त्याखाली माझ्या नवऱ्याचं लिहा.”

“ते वारले ना, बाई? शिवाय हा पुरावा त्यांचाच आहे. त्यांना आपण साक्षीदार म्हणून दाखवू.”

“साक्षीदार बोलतो. हे बोलले नाहीत. लिहा.”

“ताई, राहू द्या हो,” दादा मागून म्हणाले. “भाऊ चांगले होते. भाऊंचं नाव नको.”

“गप्प बसा तुम्ही,” वहिनी म्हणाल्या. “ताईंना सांगू द्या.”

अधिकाऱ्यांनी पेन उघडलं. मी ह्यांचं पूर्ण नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि त्यापुढे किती वर्षं माहीत होतं, तेही सांगितलं.