धुऱ्यावरून टाकलेला थ्रो

फुटबॉलमधला लांब थ्रो, म्हणजे रेषेबाहेर गेलेला चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावरून लांब आत फेकणं, हा अडाण्यांचा खेळ, असं म्हणणाऱ्यांशी मी आजही भांडते. कॉलेजात असताना संघातली माझी जागा त्या थ्रोवरच टिकून होती.

मी धावायला मंद. आमचे क्रीडाशिक्षक सगळ्यांसमोर म्हणायचे, "तू पोचेपर्यंत मॅच संपून जाते वो." पण घरी धानाचं पुंजणं, कापलेल्या भाऱ्यांचा उंच ढीग, रचताना खालून भारे फेकायचं काम माझंच. दोन्ही हातांनी, डोक्यावरून. वर उभा असलेला काका ओरडायचा, "हळू फेक, मले पाडतेस का!"

घरी येणारी मोर्चांची पत्रकं वाचत वाढलेली मुलगी मी; अन्याय वाटला की कागद घ्यायची. सरांना पानभर लिहून दिलं. थ्रोवर ऑफसाइड लागत नाही, म्हणून आपली मुलगी थेट गोलसमोर उभी राहू शकते. वेगात कमी पडणाऱ्या संघाने हे हत्यार का टाकून द्यावं?

सरांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "पत्रक राहू दे. बॉल फेकून दाखव."

सराव कापणी झालेल्या बांधीत, धानाच्या शेतात, चालायचा. मैदानाची कडेची रेषा म्हणजे बांधीचा धुरा, मातीचा गुडघाभर उंच काठ. त्यावर उभी राहून मी चेंडू टाकला तो थेट गोलसमोर. आमच्या कप्तानाने डोक्याने आत घातला. सर म्हणाले, "तिरोड्याच्या मॅचमध्ये घेतो तुले. पण तुझ्या थ्रोवर गोल झाला नाही, तं पुढच्या मॅचले तुझी जागा दुसरीले."

तिरोड्याचं मैदान सपाट, कडेला चुन्याची रेषा. पहिला थ्रो गोलच्या बराच अलीकडे पडला. दुसऱ्या वेळी जोर लावताना माझा मागचा पाय उचलला गेला, भारा फेकताना उचलतो तसा. रेफरीने शिट्टी वाजवली. फाउल, दोन्ही पाय जमिनीला टेकलेलेच असायला हवेत. समोरचा संघ गोंदिया शहरातला. त्यातली एक हसली, "अरे, इसको क्रिकेट में भेजो!" सरांनी राखीव मुलीला उठवलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळा सराव आम्ही गुडघाभर उंचीवरून केला होता; सपाट जमिनीवरून चेंडू तेवढा लांब जाणारच नव्हता. चूक आमच्या सरावाची होती, थ्रोची नव्हती.

तेवढ्यात पुन्हा थ्रो मिळाला. मी कप्तानाला ओरडले, "मांगं काऊन उभी आहेस? जवळच्या खांबापाशी ये!"

"इथून गोल कसा होईन वो?"

"तू गोल नको करू. नुसता डोक्यानं मांगं सरकव!"

चेंडू तिच्यापर्यंत पोचला. तेवढंच हवं होतं. तिच्या कपाळाला लागून तो मागे गेला. गोलकीपर पुढे आलेली, बचाव करणाऱ्या मुली एकमेकींकडे बघत राहिलेल्या, आणि आमची सगळ्यात बुटकी मुलगी तिथे एकटी. तिने मांडीने ढकलला. गोल!

"हाथ से जीत रहे हो," मघाची मुलगी फणकारली.

"रूल में है. पढ़ लो," मी म्हणाले.

राखीव मुलगी परत बसली. आम्ही त्याच गोलावर जिंकलो. सरांनी पुढच्या मॅचची यादी वाचली, त्यात मी होते. मग ते माझ्याकडे वळले.

"पुढचा संघ त्या खांबापाशी दोन पोरी उभ्या करीन. मंग काय करशीन?"

"तं मांगं आपली एक मोकळी राहीन, सर."