ऑपरेटर आत्याच्या गोळ्या

बाहेरगावचे शेकडो फोन नंबर माझ्या आत्याला तोंडपाठ होते. ती कल्याणच्या एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडायची. "बाई, नाशिकचे आमचे काका द्या," एवढं म्हणणं व्यापाऱ्यांना पुरे व्हायचं. आमच्या चाळीत तिला सगळे ऑपरेटरबाईच म्हणत.

चौतिसाव्या वर्षी तिला स्विचबोर्डासमोरच फिट आली. गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबल्या, आजीने पेढे वाटले. पण महिन्याभरात आत्या बोलता बोलता अडायला लागली. किसणीला "ते... खोबऱ्याचं" म्हणायची. भलत्यांनाच लाइन जोडायची. साहेबांनी तिला फायलींवर बसवलं.

"दादा, डोक्यात ओली गोधडी कोंबल्यासारखं वाटतं रे," ती माझ्या बाबांना म्हणाली.

"फिट नाही ना येत? मग झालं. जरा आळस झटक."

मी नववीत असताना तिने गोळ्या बंद केल्या. रोजची गोळी ती तुळशीच्या कुंडीत पुरायची. हे फक्त मला ठाऊक होतं. तिने शपथ घातली होती. आठवडाभर आधीची आत्या परत आली होती. भराभर बोलायची, माझी बीजगणितातली चूक पोळ्या लाटता लाटता दाखवायची. मी खूश होते, म्हणून गप्प राहिले. नवव्या दिवशी चहा गाळताना तिला फिट आली. कोपरापर्यंत हात भाजला.

त्यानंतर रोज गोळी मी द्यायचे. ती तळहात पुढे करायची. "पडण्यापेक्षा हे बरं, असं मी म्हणणार नाही. पण दे."

बऱ्याच वर्षांनी मी तिला ठाण्याला नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाबाही आले. बाईंनी सगळं ऐकलं. "गोळीनेच सुस्ती येते, विसरायला होतं. हे आधी सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं नाही. सगळे विचारायचे, फिट आली का?" मग आत्या थांबली. "म्हणजे मी आळशी नव्हते?"

बाबांनी बाईंपुढची चिठ्ठी उचलली आणि नवी गोळी आणायला गेले.

गोळी हळूहळू बदलली. काही महिन्यांत आत्या सलग बोलायला लागली. पण तोवर थेट नंबर फिरवायचे एसटीडी बूथ गल्लोगल्ली झाले होते, तिचा बोर्ड भंगारात गेला होता. निवृत्तीपर्यंत ती फायलींवरच बसली.

आता मी औषधांचं दुकान चालवते. फिटच्या गोळ्या न्यायला कुणी आलं की विचारते, "कसं वाटतं?" आणि उत्तर कितीही अडखळत आलं, तरी ते संपेपर्यंत पुढच्या गिऱ्हाइकाला थांबवून ठेवते.