वाढत्या अंगाची चाकं

माझं वजन अठ्ठेचाळीस किलो. सायकलची चाकं निवडताना ही गोष्ट इतकी आड येईल असं वाटलं नव्हतं. इंटरनेटवर चाकांबद्दल लिहिणारे सगळे माझ्या दीडपट वजनाचे. त्यांना लेचीपेची वाटणारी चाकं मला चालतील का, हे कुणीच सांगत नाही. आणि त्यांना स्वस्त वाटणाऱ्या चाकांची किंमत पाहून मी फोन बाजूला ठेवायचो.

कॉलेजच्या सायकलिंग संघात एकच जागा रिकामी होती. निवडीची शर्यत रविवारी, पादरा रोडवर. माझी रेसिंग सायकल कुणाची तरी वापरलेली. तिची चाकं इतकी जड, की प्रत्येक वळणानंतर मी वेग धरेपर्यंत बाकीचे पुढे निघून जायचे. "पाय चांगले आहेत तुझे, चाकं बदल," संघाचे सर म्हणाले. मित्राची उंच रिमची झोकदार चाकं लावून पाहिली, तर शेजारून ट्रक गेला आणि त्याच्या वाऱ्याने मी थेट कडेच्या मातीत. म्हणजे मला हवी होती बुटक्या रिमची, कमी स्पोकची, हलकी चाकं. मांजलपूरच्या एका दुकानात तशी जोडी मिळाली, आमच्या आवाक्यातली.

पैसे पप्पा देणार, म्हणून तेही आले. ते टेम्पो चालवतात. वस्तू किती भार सोसते, यावर ते तिची परीक्षा करतात. शिवाय आमच्या घरात सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची पद्धत. बारावीपर्यंत माझ्या शर्टाच्या बाह्या बोटांवर यायच्या.

पप्पांनी चाकाचे स्पोक मोजले आणि दुकानदाराकडे पाहिलं. "बस, आटलाज?" इतकेच का, असं त्यांनी गुजरातीत विचारलं.

"काका, छोकरानुं वजन तो जुओ!" दुकानदार माझ्याकडे बोट दाखवून हसला.

"आज नाहीये वजन. उद्या अंग भरेल ना?" पप्पा मला मराठीत म्हणाले. "मग परत चाकं घ्यायची?"

"पप्पा, निवड रविवारी आहे."

"मग रविवारपर्यंत दोन पोळ्या जास्त खा."

दुकानदाराला मराठी कळत असावं. तो आणखी हसला आणि आतून दुसरी जोडी घेऊन आला, दुप्पट स्पोकची. किंमत जवळपास तीच, त्यामुळे पैशांचं कारणही पुढे करता येईना. पप्पांनी चाक जमिनीवर आडवं ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबलं. चेहरा खुलला.

मी जे काही वाचलं होतं ते सगळं इंग्रजीत. ते मराठीत सांगायला गेलो तर तोंडून एवढंच निघालं, "जड आहेत ही."

"अरे, जड आहेत म्हणजे मजबूत आहेत!" म्हणत पप्पांनी त्याच जोडीचे पैसे मोजले.

रविवारी पहिल्या वळणापर्यंत मी सगळ्यांच्या बरोबर होतो. दुसऱ्या वळणानंतर पुढच्यांच्या पाठी दिसत होत्या, मग त्याही दिसेनाशा झाल्या. पाय फिरत होते, सायकल हलत नव्हती. शेवटच्या टप्प्यात तर रडू येईल असं वाटलं.

शर्यत संपायच्या जागी पप्पा टेम्पो घेऊन उभे होते. मी उतरताच ते वाकले, मागचं चाक उचलून फिरवून पाहिलं. "बघ, केसभर वाकडं झालं नाही."

"माझी निवड झाली नाही, पप्पा."

ते चाक धरूनच राहिले. "का रे? चाकं तर एकदम सरळ आहेत."

मला इतका राग आला होता, आणि तो काढायला समोर फक्त तेच होते. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली. पप्पांनी सायकल उचलली, टेम्पोत गोणपाट पसरलं आणि चाकांवर दाब येणार नाही अशी ती नीट आडवी ठेवली.