मनगटाचं माप

आमचे तालमीतले वस्ताद वजनकाटा मानत नसत. पोराचं मनगट अंगठा आणि मधल्या बोटात धरायचे. बोटं भिडली, की कुस्ती बंद. "अंगात वजन आल्याबिगर हाड जून होत न्हाय. मोडंल की रं," म्हणायचे. बहात्तरच्या दुष्काळात रेशनच्या मिलोच्या भाकरीवर माझं अंग कुठलं भरायला! दोन वर्षं मी नुसती आखाड्याची माती उकरली.

वडिलांची बदली झाली. सोलापूर सोडायच्या सकाळी वस्तादांनी माझं मनगट धरलं. बोटांत फट राहिली. "भरलं की! उतर." समोर स्वतःच उभे राहिले, आणि माझ्या पहिल्याच डावाला आडवे झाले.

वळसंग मागे पडल्यावर एसटीत मी माझं मनगट धरून पाहिलं. माझी इवलीशी बोटंसुद्धा आरामात भिडली.