ओट्यावरचे सर

आमच्या ओट्यावर आज पापड लाटायला बाया जमल्यात. शेजारची सारिका पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून बसलीये. लग्नात सुटलेली बारावी तिला यंदा काढायचीच आहे. तालुक्याच्या क्लासची फी ऐकून तिच्या सासूनं हातच जोडले होते. मग कुठल्याशा पोरांच्या नव्या कंपनीचं हे ॲप सापडलं. वर्षाची फी एका बऱ्या साडीएवढी.

मोबाइलमधले सर म्हणाले, मागणी वाढली की भाव वाढतो.

"मग आमच्या पापडाचा का वाढत नाही?" यमुनाबाईंनी मोबाइललाच झापलं.

"मावशी, थांबा की! माझं ऐकायचं राहिलं."

सारिकानं व्हिडिओ मागे नेला. सर तेच परत सांगू लागले, अजिबात न चिडता. मी शाळा सोडली ती मास्तरांच्या छडीला भिऊन. पुन्हा विचारायची सोयच नव्हती. हे सर बरे. शिवाय फी एकीची अन् ऐकतोय अख्खा ओटा. कंपनीची पोरं रडतील बिचारी.

आमची ही असती तर सगळ्यांच्या पुढे बसली असती. ती गेल्यापासून तिचा पोळपाट फळीवरच आहे. मी कुणाला हात लावू दिला नाही.

"सारिका, तुझ्या लाट्या वाळायला लागल्या," यमुनाबाई ओरडल्या. "अभ्यास कर नाहीतर पापड कर."

पोरीनं वही मिटली.

मी उठलो, फळीवरचा पोळपाट पुसून घेतला अन् तिच्या लाट्या पुढ्यात ओढल्या.

"आबा, हा पापड आहे का नकाशा?" सारिका हसत सुटली.

"तू सरांकडे बघ," मी म्हणालो. "वही उघड."