भेगेच्या टोकाला भोक

टाकी माझ्यामुळे तडकली. घरात हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते, कारण लिहिताना कुणी मध्ये बोलत नाही.

सासऱ्यांना पक्षाघात झाला तेव्हापासून ते आमच्याकडे अमरावतीला आहेत. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, 'नाई'. चहा हवा असला तरी नाई, नको असला तरी नाई. उशी सरकवली तरी नाई, पंखा बंद केला तरी नाई. डॉक्टर म्हणाले, त्यांना आत सगळं समजतं, बाहेर मात्र एवढंच येतं. मला हसू आलं आणि त्याहून जास्त राग आला. आयुष्यभरात बोललेल्या इतक्या शब्दांतून नेमका हाच उरावा!

कारण तो शब्द मी आधी ऐकलेला होता. अकोल्यात सासऱ्यांचं पाट्या बनवायचं दुकान. ॲक्रिलिकची अक्षरं, दवाखान्यांचे बोर्ड, गाड्यांच्या नंबरप्लेटा. माझं लग्न झालं त्या वर्षी सासूबाई आजारी होत्या आणि घरातले पुरुष दवाखान्यात, आळीपाळीने, म्हणून तीन महिने दुकानात मी बसले. गिऱ्हाइकाला परत कसं फिरवायचं आणि परत कसं बोलवायचं, ते मी तिथे शिकले. पुढे सासऱ्यांनी दुकान मोठ्या मुलाला द्यायचं ठरवलं. मी एकच मागितलं. धाकट्यासाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी, आत एक टेबल टाकू द्या, नंबरप्लेटांचं काम आम्ही दोघं पाहू. ते ॲक्रिलिकच्या शीटवरचा खाकी कागद सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "नाई." कागद सोलणंही थांबवलं नाही.

आम्ही दोन पेट्या घेऊन अमरावतीला आलो. माझं माहेर दर्यापूरकडचं, फुलं पिकवणारं. मी टोपलीत झेंडू घेऊन बाजारात बसले. आज लग्नसराईत धामणगावपर्यंतच्या मंगल कार्यालयांना माझी फुलं जातात आणि भाव मी सांगते. दुकान मोठ्याला मिळालं, बाप मात्र माझ्या वाट्याला आला. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. अकोल्याच्या तोंडावर फेकायला माझ्याजवळ तेवढी एकच गोष्ट आहे: बाप आम्ही सांभाळतो.

सासऱ्यांबरोबर टेम्पोतून ही टाकी आली. जाड ॲक्रिलिकची, तीन फूट लांब, त्यांनी स्वतः बनवलेली, आत दोन म्हातारे गोल्डफिश. व्यायाम करवणाऱ्या बाईंनी ती मुद्दाम खाटेच्या उजव्या हाताला ठेवायला सांगितली. त्यांची मान उजवीकडे वळत नव्हती, ती माशांमागे वळू लागली. डाव्या हाताने आधी माशांना दाणे टाकायचे, मग स्वतः जेवायचं, हा त्यांचा नेम. मासे उपाशी तर तेही उपाशी.

त्या सोमवारी मी टाकीवरचे बोअरच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग काढत होते. साध्या पाण्याने निघेनात, म्हणून सासऱ्यांची पाठ पुसायचं स्पिरिट कापसावर घेतलं. ते खाटेवरून ओरडायला लागले, "नाई! नाई! नाई!" डाव्या हाताने खाटेची पट्टी बडवत होते.

"मालूम हाय मले," मी म्हटलं. "तुमचं जलमभर नाईच हाय." आणि चारही बाजू चकचकीत पुसल्या.

मंगळवारी दुपारी कोपऱ्याजवळ केसासारख्या बारीक रेघा दिसल्या. चार वाजता त्यातली एक फुटली आणि फरशीवर पाणी आलं. मी मासे आणि टाकीतलं उरलेलं पाणी फुलं ठेवायच्या मोठ्या टपात घेतलं, हवेचा पंप त्यात सोडला. मे महिना, घरात कूलर असूनही भट्टी. टपाला ओलं बारदान गुंडाळलं आणि पाण्यात बर्फाच्या बंद बाटल्या सोडल्या. शेवंती टिकवायची हीच रीत आहे, माशांनाही ती चालली. पण टप जमिनीवर. खाटेवरून मासे दिसत नव्हते. सासऱ्यांनी मान भिंतीकडे केली ती केलीच. टप स्टुलावर ठेवून पाहिला, पण त्यातून आरपार दिसत नव्हतं. रात्री वरण-भाताचा घास पुढे केला तर त्यांनी दात मिटून घेतले.

नवरा दारात उभा राहून म्हणाला, "अवं, दादाले फोन लावू का? त्याचं रोजचं काम हाय थे. अर्ध्या घंट्यात करून देईन."

"लावून पाहा," मी म्हटलं. "मंग तुमीच जा त्याच्या घरी राह्याले."

रविवारी तो दादा, म्हणजे माझा भासरा, बापाला भेटायला येणारच होता. फुटलेली टाकी आणि पाच दिवसांचा उपाशी बाप त्याला दिसला असता तर अकोलाभर काय बोललं गेलं असतं, ते मला तोंडपाठ होतं.

मी बाजारातून सिलिकॉनची नळी आणली आणि भेगेवर आतून-बाहेरून थापली. बुधवार सगळा वाळण्यात गेला. भेग वाढते का पाहायला तिच्या टोकाशी क्रेटवर नाव लिहायच्या मार्करने खूण करून ठेवली. गुरुवारी सकाळी टाकी भरली. अर्धी भरली नसेल तोच सिलिकॉन दुधावरच्या सायीसारखं अख्खं सुटून आलं. भेग खुणेच्या पुढे दोन बोटं गेली होती. सासरे तोवर चमच्याने फक्त चहा आणि पाणी घेत होते. त्यांचा गाल आत गेलेला पाहून मला भीती वाटली आणि भीती वाटली म्हणून मी त्यांच्यावरच खेकसले.

मग इतवारा बाजाराजवळच्या एका पाटीवाल्याकडे गेले. त्याने फोनवरचा फोटो पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"ताई, ॲक्रिलिकले सिलिकॉन धरत नाई. काचेले धरते. आतून शीटचा तुकडा बसवा लागते, क्लोरोफॉर्मनं. थे चिकटवत नाई, दोन्ही शीट वितळवून एक करते." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "पुसाले स्पिरिट-गिरिट वापरलं होतं का?"

"नाई," मी म्हटलं.

"मंग असी कसी तडकली? स्पिरिटनंच जाते थे असं."

"तुमी बाटलीचे किती घेता ते सांगा."

त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी उठले. तो म्हणाला, "ताई, हे विकाची चीजच नाई. माह्या कामाची बाटली हाय."

"विकाची नाई तं मंग भाव कायचा सांगता? तुकडा तं तुमी कचऱ्यातच टाकता, थो वरून द्या."

"तुमच्यासारखे दोन गिऱ्हाईक आले तं दुकान बंद करा लागन मले."

"बंद करान तवा सांगजा, हार पाठवीन."

तो हसला, आणि हसलेल्या माणसाचा भाव उतरतो. काचेची बाटली आणि तळहातापेक्षा मोठा तुकडा घेऊन मी घरी आले. बाटली देताना त्याने एवढं बजावलं होतं की वास डोक्यात जातो, दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि आग जवळ नको.

नवऱ्याने टाकी भेगेच्या बाजूने आडवी केली आणि तो गाडी घेऊन धामणगावला गेला. टाकी पुसून कोरडी केली, या वेळी साध्या पाण्याने. मी तुकडा भेगेवर ठेवून पाहत होते, तेवढ्यात सासऱ्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. तीन दिवस न जेवलेल्या माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"नाई."

त्यांचं बोट खाटेखालच्या पत्र्याच्या डब्याकडे होतं. मी डबा ओढला. त्यांची जुनी हत्यारं. त्यांनी चाचपून हाताने फिरवायचं छोटं गिरमिट काढलं आणि त्याचं टोक भेगेवर नाही, तर भेग जिथे संपत होती त्याच्या जरा पुढे, चांगल्या कोऱ्या जागेवर टेकवलं.

"भोक?" मी ओरडलेच. "म्या तडा बुजवून राह्यली, अन् तुमी भोक पाडाले सांगता?"

"नाई," ते म्हणाले. पण हा शब्द लांब होता, खालच्या पट्टीतला. आणि हात माझ्या कोपरावर दाबलेला.

माझ्या मनात पहिला विचार आला तो वाईट. हा माणूस माझं काम मुद्दाम बिघडवतोय, मोठ्याला बोलवावं लागावं म्हणून. गिरमिट फेकून द्यावं असं वाटलं. मग त्या तीन महिन्यांतलं एक आठवलं. कापताना एक मोठी शीट तडकली होती. तेव्हा त्यांनी तडकेच्या टोकाशी असंच भोक पाडलं होतं, आणि मी काहून म्हणून विचारलं तर म्हणाले होते, "टोक गोल झालं का तडा पुढं जात नाई." तेव्हा त्यांना सगळे शब्द येत होते.

मी गिरमिट फिरवायला लागले. पांढरा भुसा निघू लागला. आता एवढा एकच उपाय उरला होता, आणि तो चुकला तर टाकी उभी फाटणार. घाम डोळ्यांत जात होता. मी जोर वाढवला.

"नाई!" आखूड, तोडून टाकल्यासारखा. हात कोपरावरून उचललेला.

मी थांबले. त्यांनी पाण्याच्या भांड्यातला चमचा उचलला आणि भोकावर चार थेंब सोडले. ॲक्रिलिक तापलं होतं. मग पुन्हा हात कोपरावर, पुन्हा लांब "नाईऽ". तेव्हा मला कळलं. लांब म्हणजे चालू दे, आखूड म्हणजे थांब. इतके महिने घरात दोन शब्द होते आणि मी एकच ऐकत होते.

गिरमिट पलीकडे निघालं. भेग जागच्या जागी राहिली.

त्यांची नजर फळीवरच्या स्पिरिटच्या बाटलीकडे गेली आणि तिथून माझ्याकडे आली. मी उठून बाटली कपाटात ठेवली.

जागा पुन्हा कोरडी करून मग त्यांची खाट दाराशी ओढली. नाकाला ओला पंचा बांधला. डब्यात काचेची सिरिंज होती, तिच्यात क्लोरोफॉर्म भरला. तुकडा भेग आणि भोक दोन्ही झाकून ठेवला आणि कडेला सुई टेकवली. द्रव आपोआप आत पसरत गेला. तुकड्याखालची धुरकट जागा साफ होत होत पलीकडची फरशी दिसू लागली. मी वर फुलं तोलायची वजनं ठेवली आणि बाहेर येऊन बसले.

पुढचा अख्खा दिवस टाकीला हात लावला नाही. सासऱ्यांना मात्र शुक्रवारी खिचडी पुढे केली. आखूड नाई. या वेळी मला तो शब्द बरोबर समजला.

शनिवारी सकाळी बादली-बादली करून टाकी भरली. प्रत्येक बादलीनंतर बाहेरून भोकावर बोट फिरवत होते. बोट कोरडं. तुकड्याच्या वर पाणी गेलं, तरी कोरडं. मासे सोडले. एक कलंडून थोडा वेळ तसाच राहिला, मग सरळ झाला. सासऱ्यांची मान सावकाश उजवीकडे आली. त्यांनी दाणे टाकले. त्यानंतर वाटीभर खिचडी खाल्ली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभ्या उभ्याच पोळी खाल्ली.

रविवारी भासरा आला. तो माझ्याशी थेट बोलत नाही, आमच्यात ती रीत आहे आणि त्याला ती सोयीची पडते. तुकड्यावर नख फिरवून तो भावाला म्हणाला, "टोकाले भोक हाय. हे तं बाबाचं काम दिसते."

"सांगा तुमच्या दादाले," मी नवऱ्याला म्हटलं, "भोक म्या पाडलं."

"सांग तुह्या बायकोले, काम चांगलं हाय. पण टाकी फुटलीच कायनं?"

मी पाणी आणायला वळले.

मग तो खाटेवर बसला. "बाबा, चालता का अकोल्याले? पंधरा रोज. दुकानात बसान, पोरं काम करतेत थे पाहान."

सासऱ्यांनी दुकान हा शब्द ऐकला आणि म्हणाले, "नाईऽ."

"नाई म्हणून राह्यले," भासरा उठला. "राहू दे मंग."

मी पाण्याचा ग्लास घेऊन दारातच थांबले. मला काहीच करायची गरज नव्हती. गप्प राहिले असते तर बाप माझ्याकडेच राहिला असता, आणि कुणी मला खोटं म्हणू शकलं नसतं. सासरे माझ्याकडे पाहत होते, त्या दिवशी स्पिरिटच्या बाटलीकडून माझ्याकडे पाहिलं होतं तसंच.

"थे हो म्हणून राह्यले," मी भासऱ्याला म्हटलं. थेट त्यालाच. "लांब नाई म्हणजे हो."

तो परत खाटेवर बसला.

"पण ही टाकी इथून हालन नाई," मी म्हटलं, "सांधा ताजा हाय. अन् माशायबिगर थे जेवत नाई. तुमी दुकानात दुसरी टाकी बनवा, मंग न्या."

"बनवतो," तो म्हणाला. "आठ रोज लागन."

"बनवताना मी येईन. मले तिथं एक टेबल टाकून द्या, बाबाच्या बाजूले."

"काहून?"

"मले काम शिकाचं राह्यलं हाय."

खाटेवरून आवाज आला, "नाई." आखूड. अगदी शीटवरचा कागद सोलतानाचा.

त्या वेळी मी विचारलं होतं. या वेळी त्यांना विचारलं नव्हतं. नवऱ्याला म्हटलं, उद्यापासून बाजार तुम्ही पाहा, मी अकोल्याची पहिली गाडी धरते. मग माशांच्या दाण्यांचा डबा सासऱ्यांच्या डाव्या हाताशी ठेवला.