रंगाच्या आधी हातोडी

शाळेच्या मैदानावर नवा झोपाळा उभा राहतो आहे. वेल्डिंगच्या जळत्या रॉडचा उग्र वास वर्गापर्यंत आला आणि उद्याच्या कामांची यादी हातात धरून मी थबकले. क्षणभर मी कडा गावाच्या रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये होते.

मला तेव्हा नुकतीच नोकरी लागली होती. आई मात्र "एवढं एक साल" म्हणत ऊसतोडीला निघाली होती, आणि मी तिला सोडायला आले होते. ट्रॉलीवर नवा निळा रंग, नारळ फुटलेला, टोळी बोचक्यांसह वर बसलेली. मुकादमाला फक्त मागच्या फाळक्याची कडी जोडून हवी होती. म्हाताऱ्या मिस्त्रीने ती जोडली आणि कुणी न सांगता पुढे जाऊन ट्रॅक्टरला अडकवायच्या दांडीचा सांधा हातोडीने ठोकला. रंगाची खपली उडाली. खाली केसाएवढा तडा.

"मुकादम, रंग मारून तडा झाकलाय का?"

"आवो मिस्त्री, मुहूर्त टळायलाय. आल्यावर बघू."

"मग तुमी बसा ट्रॉलीत. लगेच सोडतो."

वरून आई म्हणाली, "त्यो कशाला बसतोय? त्यो मोटारसायकलीवर येतोय की!"

टोळी हसली, आणि हसत हसतच खाली उतरली. मुकादमाचं काही चाललं नाही.

सांधा कापून, घासून पुन्हा भरेपर्यंत दुपार झाली. काळी काच डोळ्यांवरून बाजूला करत मिस्त्री सांगत होता, त्याचा बाप भात्यावर लोखंड लाल करून घणाने जोडायचा. बापाचा घण गेला, विजेची ठिणगी आली. ठोकून बघायची सवय तेवढी घरात राहिली. तेव्हापासून मला सगळीकडे सांधेच दिसतात: खिडकीची जाळी, टाकीचा स्टँड, एसटीची शिडी, साखर कारखान्याचे पाइप. आपलं सगळं वजन अशा बोटभर रेघांवर विसावलेलं असतं.

आई त्या वर्षी धडधाकट परतली.

मैदानावर रंगारी डबा उघडून उभा आहे. "बाई, उद्या उद्घाटन हाय. मारू का?"

"थांबा." मी वेल्डरकडून हातोडी मागून घेतली. तीन सांधे खणखणले. चौथ्याचा आवाज बसका आला.

यादीतलं उद्घाटन मी खोडलं आणि तिथे लिहिलं: चौथा सांधा, पुन्हा. पोरं कुरकुरतील, पाहुणे रागावतील. पण मिस्त्रीचं शेड आता तिथे नाही, आईही नाही. हातोडी आता माझ्या हातात आहे.